तलावाची सून

विमलाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा श्रीधर सर अंगणातल्या कढीपत्त्याच्या फांद्या छाटत होते. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या त्या गल्लीत सगळी घरं सारखीच दिसतात, त्यामुळे फाटकाशी थांबून पत्ता विचारणारं रोज कुणीतरी असायचं. या बाईंनी पत्ता विचारला नाही. पिशवीतून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला आणि फाटकावरून पुढे धरला.

"हे तुमीच लिहिलं का जी?"

वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीतल्या पानाची ती रंगीत प्रत होती. सरांनी आपलं नाव ओळखलं. फोटोही ओळखला, तेव्हा डोक्यावर बरेच केस होते. 'तलावाची सून : धामणखेड्याची एक लोककथा आणि तिच्या जगभरातल्या बहिणी.' लेखाला सहा वर्षं होऊन गेली होती.

"हो, माझाच आहे. आपण कुठून आलात?"

"कारंज्याहून. घाडगे कारंजा. मी मोहिनीची माय." सरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही हे पाहून बाई जरा थांबल्या. "तुमाले काहीच ठाऊक नाई? माही पोरगी देवी झाली, सर. तुमच्या ह्या कागदापायी."

सरांच्या पत्नी सुधाताई आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी बाईंना आत नेलं, पंखा लावला, पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. दोन एसट्या बदलून आलेल्या बाईंनी अर्धा तांब्या एका दमात संपवला.

श्रीधर सर एकतीस वर्षं वर्ध्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना छंद एकच होता, दंतकथांचा. जिल्ह्यातलं गावन् गाव त्यांनी स्कूटरवर पालथं घातलं होतं. आंजी मोठीच्या पुढे सात-आठ किलोमीटरवरच्या धामणखेड्यात त्यांना नलूबाई नावाची नव्वदीची म्हातारी भेटली होती आणि तिनं ही कथा सांगितली होती. गावात ती कथा दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. म्हातारी पुढच्याच हिवाळ्यात गेली.

कथा अशी, की फार पूर्वी गावच्या पाटलानं तलाव खोदला, पण तीन वर्षं झाली तरी पाण्याचा टिपूस नाही. मग तलावाची देवी पाटलाच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, तुझ्या घरातलं माणूस दे. पाटलानं मुलगा राखला, मुलगी राखली, नातू राखला. धाकट्या सुनेला हिरवं लुगडं नेसवून कोरड्या तलावाच्या मधोमध दिवा लावायला पाठवलं. दिवा लागला आणि पाणी आलं.

सरांना त्या कथेपेक्षा तिच्या नातेवाइकांचं अप्रूप जास्त होतं. अल्बानियात एका किल्ल्याची भिंत रोज रात्री कोसळायची, तेव्हा तीन भावांनी धाकट्याची बायको भिंतीत चिणली. तिनं एवढंच मागितलं, की तान्ह्याला पाजण्यापुरती एक बाजू उघडी ठेवा. रुमानियात मठ बांधणाऱ्या गवंड्यानं स्वतःची गरोदर बायको चिणली. ग्रीसमध्ये एका पुलासाठी हेच झालं. जपानात किल्ल्याच्या पायात एक गरीब विधवा पुरली गेली, तिच्या मुलाला मोठं करू असं वचन देऊन, आणि ते वचनही कुणी पाळलं नाही. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी एकच गोष्ट कशी रचली, याचं नवल सरांनी लेखात मोठ्या हौसेनं मांडलं होतं. शेवटी लिहिलं होतं, की दुःख पचवायची समाजाची ही एक रीत असते.

"आता सांगा," सर विमलाबाईंना म्हणाले. "काय झालं?"

"दोन वर्षांमागचा मे महिना होता. तलावाचा गाळ काढून राह्यले होते. भैय्याजीची जेसीबी होती. गावातलं मोठं माणूस हाय ते. मधोमध खड्डा केलता, दोन पुरुस खोल. ना दोरी बांधली, ना पाटी लावली. जवाई ट्रॅक्टरवर गाळ वाहून राह्यले होते. मोहिनी त्यायचा डबा घेऊन गेल्ती. भाकर अन् जवसाची चटणी. खड्ड्याच्या काठानं चालली होती, तं काठच बसला. तिच्यासकट खाली गेला." बाई सांगताना रडत नव्हत्या. हे त्यांनी खूप वेळा सांगितलं असावं. "एक वाजता झालं ते. तिले काढेपर्यंत चार वाजले. अन् संध्याकाळी त्याच खड्ड्यात झरा फुटला."

"पोलीस?"

"आले. अकस्मात मृत्यू लिहून गेले."

"आणि गाव?"

"गाव रडलं, सर. खोटं कायले बोलू? तेरवी होयेपर्यंत कोणी काही म्हतलं नाई. मंग कोणाच्या तरी मोबाइलवर तुमचा कागद आला. तो ह्याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून आणखी कोणाकडे. लोक म्हणाले, आपल्या तलावाची रीतच हाय ही, पुस्तकातल्या माणसानं लिहून ठेवली. पानी सुनेले मागते. भैय्याजीनं टिनाचं शेड टाकून देल्लं. आता मंगळवारी अन् शुक्रवारी आर्वीपासून लोक येतात."

सुधाताईंनी विचारलं, "मोहिनीला मूलबाळ?"

"एक पोरगी. समीक्षा. आता साडेतीन वर्षांची झाली. तिले बसवतात तिथं, हिरवा फ्राक घालून. बाया तिच्या पाया पडतात." इथे पहिल्यांदा बाईंचा आवाज हलला. "मी न्यायले गेली तं माहा इवाई, मोहिनीचा सासरा रामाजी, म्हणते देवीचं लेकरू गावाबाहेर जात नसते. मले दोन घंटेही जवळ घेऊ देत नाईत. सर, तुमी या अन् सांगा का हे खोटं हाय. तुमीच लिहिलं, तुमीच पुसा. तुमचं आइकतीन ते."

सर म्हणाले, येतो. त्या क्षणी त्यांना ते फार अवघड वाटलं नाही.

बाई गेल्यावर त्यांनी माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. धामणखेड्याची वही सापडायला तासभर लागला. नलूबाईचे शब्द त्यांनी जसेच्या तसे उतरवून घेतले होते. 'तिनं सासऱ्याचे पाय धरले. म्हने मामंजी मले वर घ्या. सासऱ्यानं शिडी काढून घेतली. बोंबलली ते, पाणी तोंडात जायेपर्यंत बोंबलली.'

मग त्यांनी विमलाबाईंनी ठेवलेली प्रत पुन्हा वाचली. तिथं होतं, 'आणि सून हसतमुखाने पाण्याला सामोरी गेली.'

हे कुणी घातलं होतं? पुरवणीच्या माणसानं? सरांनी बराच वेळ आठवून पाहिलं. नाही, त्यांनीच. वाक्य कानाला गोड लागत होतं, म्हणून.

"सुधा," ते म्हणाले, "मी हे असं का लिहिलं असेल?"

सुधाताईंनी वही वाचली, कागद वाचला आणि दोन्ही टेबलावर ठेवले. "उद्या जाताय ना? वही घेऊन जा," एवढंच त्या म्हणाल्या.

धामणखेड्यात पोचले तेव्हा शुक्रवार होता. आंजीच्या स्टँडवर विमलाबाई थांबल्या होत्या. तिथून ऑटोत त्यांच्यासोबत नारळ घेतलेल्या चार बाया होत्या. तलाव खरोखर भरलेला होता, पलीकडच्या काठापर्यंत. पावसाळा होताच, शिवाय गाळ निघाल्यानं तलाव खोल झालेला. सरांना हे दिसत होतं. ऑटोतल्या बायांनी पाणी दिसताच हात जोडले.

शेडमध्ये मोहिनीचा लग्नातला फोटो मोठा करून लावला होता. कुणीतरी संगणकावर तिच्या डोक्यावर मुकुट बसवला होता. फोटोतली मुलगी जराशी बावरलेली होती, फोटो काढताना नववधू असते तशी. बाजूला काचेच्या फ्रेममध्ये सरांचा लेख होता आणि त्याखाली पाटी, 'मोहिनीमाता. हसतमुखाने पाण्याला सामोरी गेली.' पुढे लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर समीक्षा बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. येणाऱ्या प्रत्येकीच्या कपाळाला ती बोटानं कुंकू लावत होती आणि मध्येच तेच बोट फ्रॉकला पुसत होती.

विमलाबाई पुढे गेल्या. "समू, मी आजी. वळखलं का?"

मुलीनं त्यांच्याही कपाळाला कुंकू लावलं आणि मागच्या बाईकडे पाहिलं.

रामाजी शेडच्या खांबाला टेकून बसले होते. वाळलेले, पांढऱ्या टोपीतले. लेख लिहिणारे सर आले म्हटल्यावर ते धडपडत उठले आणि सरांच्या पाया पडायला वाकले. सरांनी त्यांचे खांदे धरून थांबवलं.

"रामाजी, मला तुमच्याशी बोलायचंय. हे जे चाललंय, ते बरोबर नाही. नातीला आजीकडे जाऊ द्या काही दिवस."

"आमी कोण जाऊ देणारे, सर?" रामाजी खरंच गोंधळून म्हणाले. "आमचं घर देवीनं निवडलं. माह्या सात पिढ्यांत असं झालं नाई. तुमीच तं लिहून ठेवलं होतं, काही व्हायच्या आधी."

सर मोहिनीच्या नवऱ्याला शोधत बाहेर आले.

कैलास तलावाच्या मागच्या बाजूला ट्रॅक्टरजवळ होता. वय तीसच्या आत, पण दाढीत पांढरे केस आलेले. हातातल्या पान्यानं तो काहीच न उघडता उभा होता. सरांनी नाव सांगितलं तसा तो म्हणाला, "माहीत हाय. रोज पाह्यतो तुमाले, काचेत."

"कैलास, तुला तरी हे खरं वाटतं का?"

त्यानं शेडकडे एकदा पाहून घेतलं.

"ते ओरडली होती, सर. मी आइकलं. ट्रॅक्टर चालू होता, मले वाटलं डबा आणला म्हणून हाका मारून राह्यली. मी हात वर केला, येतो म्हणून. अन् एक खेप टाकून आलो." पाना त्याच्या हातात फिरत राहिला. "एक खेप. वीस मिनिटं. मंग पाह्यलं तं काठ नाई."

कैलासनं पाना खाली ठेवला.

"तेरवीपर्यंत मले झोप नव्हती. वावरातल्या फवारणीच्या औषधाकडे दोनदा जाऊन आलतो. मंग भैय्याजीनं तुमचं वाचून दाखवलं. ते जायचीच होती म्हणे. बलावणं आलतं. मी धावत गेलो असतो तरी ते थांबली नसती." त्यानं पहिल्यांदाच सरांकडे नीट पाहिलं. "तुमी तिथं जाऊन खोटं म्हणा, सर. तुमचा अधिकार हाय. पन मंग मी काय करू, तेबी सांगून जा."

यावर जगातल्या कुठल्याही कथेत उत्तर नव्हतं. निदान सरांना माहीत असलेल्या कथांत नव्हतं. तरीही ते शेडमध्ये परत गेले, कारण दारात विमलाबाई त्यांची वाट पाहत होत्या.

तोवर भैय्याजी आले होते. स्वच्छ पांढरे कपडे, गोड बोलणं. त्यांनी स्वतःच माइक सरांच्या हातात दिला. "दोन शब्द बोला, सर. लोकांचं भाग्य."

शे-दीडशे माणसं असतील. सर एकतीस वर्षं वर्गात बोलले होते, इथे त्यांनी आधी पिशवीतून वही काढली. ते म्हणाले, "ही गोष्ट मी लिहिली. ती फक्त गोष्ट आहे. अशीच गोष्ट अल्बानियात सांगतात, रुमानियात सांगतात, ग्रीसमध्ये, जपानमध्ये सांगतात. प्रत्येक ठिकाणी बाहेरून आलेली बाई मरते आणि मागे राहिलेले लोक म्हणतात, ती स्वखुशीनं गेली. ती कधीच स्वखुशीनं गेलेली नसते. 'हसतमुखाने' हा शब्द माझा आहे. मूळ गोष्टीत नाही. ही बघा माझी वही. गोष्टीतली सून ओरडत होती. आणि मोहिनी तर गोष्टीतली नव्हती. ती डबा घेऊन आली होती. खड्ड्याला कठडा नव्हता. ती अपघातात गेली. तिच्या लेकराला खुर्चीवर बसवू नका."

लोक शांतपणे ऐकत होते. इतकं शांतपणे, की सरांना क्षणभर वाटलं, पोचलं. विमलाबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या.

मग भैय्याजींनी माइक घेतला. "आइकलं का? आपण समजत होतो का आपल्याच गावात झालं. सर सांगून राह्यले, जपानात झालं, ग्रीसमध्ये झालं. साऱ्या दुनियेत झालं! एवढ्या मोठ्या माणसानं वही आणून दाखवली. बोला मोहिनीमाता की..."

"जय!"

त्या जयजयकारात सर काहीतरी बोलत राहिले, पण माइक त्यांच्याकडे नव्हता. चार-पाच जण मोबाइलवर चित्रण करत होते. एका म्हाताऱ्या बाईनं पुढे येऊन वहीला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

समीक्षा खुर्चीवर झोपून गेली होती.

चित्रफीत दोन दिवसांत सगळीकडे फिरली. 'जपान आणि ग्रीसमध्येही मोहिनीमाता, वर्ध्याच्या प्राध्यापकांचा पुरावा.' कठडा, डबा, ओरडणं, सगळं कापून टाकलेलं होतं. सरांना नागपूरहून, अमरावतीहून जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. काहींना हसू येत होतं, एकानं दर्शनाची वेळ विचारली.

सरांनी खुलासा लिहून त्याच वर्तमानपत्राकडे पाठवला. पुरवणीचा संपादक आता नवा होता. तो अदबीनं बोलला. "सर, खुलासा फार लांब आहे. आणि जुना लेख आता कुणाच्या लक्षात आहे? त्यापेक्षा नवरात्रात आमची शक्तिस्थळांची मालिका आहे. त्यात तुम्हीच लिहा ना मोहिनीमातेवर. तुमच्या पद्धतीनं."

पुढे एका गुरुवारी आतल्या पानावर वाचकांच्या पत्रांत खुलाशाच्या चार ओळी आल्या. धामणखेड्यात कुणीतरी तेही कात्रण फ्रेम करून लेखाशेजारी लावलं. सरांचं नाव होतं ना त्यात.

वर्ध्याला वकिलाकडेही ते गेले, सुधाताई आणि विमलाबाईंना घेऊन. वकील भला माणूस होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "वडील जिवंत आहेत, सांभाळतात, मारहाण नाही. आजीला ताबा कोण देणार? भेटीचा अर्ज करू, पण तोही तारखांवर जाईल. बालकल्याणवाल्यांकडे तक्रार करता येईल. मी करतोच. ते येतील, मुलगी खातेपिते, धष्टपुष्ट आहे असं लिहितील."

ते आले आणि त्यांनी तसंच लिहिलं. आलेल्या दोन बायांपैकी एकीनं जाताना कुंकू लावून घेतलं, असं विमलाबाईंनी फोनवर सांगितलं.

त्या दर शुक्रवारी धामणखेड्याला जायच्या. महामार्गावर ढाब्याशेजारी त्यांच्या मुलाचं, ओमप्रकाशचं, पंक्चरचं दुकान होतं. त्याला आईचं हे जाणं आवडत नव्हतं. पण त्या जायच्या, रांगेत उभ्या राहायच्या, कारण रांगेत उभं राहिलं की नातीजवळ जाता यायचं. रांगेतल्या बायांना त्या सांगायच्या, मी तिची माय, ते भाकर घेऊन गेल्ती, ओटी नाई. बाया ऐकायच्या, डोळे पुसायच्या. दसऱ्याच्या आधी सरांना त्यांनी फोन केला.

"सर, आता बाया भाकर घेऊन येतात नैवेद्याले. जवसाची चटणी अन् भाकर. म्हणतात, देवीच्या मायनं सांगतलं. मी आता काय सांगू लोकायले? जे सांगतो ते तिथं जाऊन बसते."

अष्टमीला मोठी यात्रा होती. विमलाबाईंनी या म्हटलं म्हणून सर गेले. या वेळी सुधाताईही आल्या. तलावाच्या पायऱ्यांपर्यंत गर्दी होती, भोंग्यावर गाणी चालू होती. फोटोवर फुलांचा इतका भार होता, की मोहिनीचे डोळेही दिसत नव्हते. लाल खुर्चीला झालर लावली होती. खुर्ची मात्र रिकामी होती.

"पोरगी कुठे आहे?" सुधाताईंनी विचारलं.

रामाजी ओटीच्या नारळांच्या ढिगाशी होते. त्यांना वाटलं ती कैलासकडे आहे. कैलासला वाटलं ती आजोबांकडे आहे. तेवढ्यात पायऱ्यांकडून एकाएकी गलका थांबला. त्या बाजूची माणसं गप्प झाली आणि ती शांतता मागे मागे पसरत आली.

समीक्षा पाण्यात उतरली होती. हिरवा फ्रॉक पाण्यावर फुगून आला होता. पाणी तिच्या कमरेला लागलं होतं आणि ती आणखी एक पायरी शोधत पुढे पाय टाकत होती. "आई," ती हाक मारत होती. भिऊन नव्हे. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला मारावी तशी. "ये आई, मी आली."

पायऱ्यांवर शंभर माणसं होती. श्रीधर सरांनी ते पाहिलं आणि ते आयुष्यभर त्यांच्या डोळ्यांसमोरून हलणार नाही. शंभर माणसांनी हात जोडले होते. कुणी मोबाइल वर धरला होता. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "बलावणं आलं." आणि स्वतः सर? पायरीवर तेही तसेच उभे होते, चपलेसकट, जणू जागेला खिळलेले. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ते पाच देशांतून वाचलं होतं. त्यांचे पाय मात्र उचलत नव्हते.

गर्दी फाडत विमलाबाई आल्या. कुणाला ढकललं, कोण पडलं, त्यांनी पाहिलं नाही. लुगड्यासकट त्या पाण्यात शिरल्या, दोनदा घसरल्या, आणि मुलीचा दंड धरून त्यांनी तिला वर ओढली. मुलगी किंचाळू लागली. "सोड! आई हाय तिथं! सोड मले!" तिनं आजीच्या हाताला कडकडून चावा घेतला. विमलाबाईंनी हात सोडला नाही. पायरीवर बसून त्यांनी तिला पोटाशी घट्ट धरलं.

सुधाताईंनी आपला पदर सोडवून मुलीभोवती गुंडाळला. तेव्हा कुठे सरांचे पाय हलले. कैलास धावत आला होता आणि दोन हात अंतरावर थांबून गुडघ्यांवर बसला होता. तो मुलीकडे पाहत नव्हता. तो पाण्याकडे पाहत होता, मग माणसांकडे, जोडलेल्या हातांकडे. त्याचं तोंड उघडं होतं.

"कैलास, उचल तिला," सुधाताई ओरडल्या. "बाप आहेस ना?"

त्यानं उचललं. भोंग्यावर भैय्याजींचा आवाज आला, "देवीनं लेकीले अन् मायले दोघींले पानी पाजून परत पाठवलं..." आणि गर्दीनं जयजयकार केला.

त्या संध्याकाळी सर रामाजींच्या ओसरीवर बसून बोलले. तारेचं कुंपण घाला, निदान एवढं करा. भैय्याजी म्हणाले, कुंपणानं दर्शन अडते. रामाजी म्हणाले, विचार करू. त्यांनी नातीला मांडीवर घेतलं होतं, पण घेतलेलं लेकरू आपलं की आणखी कुणाचं, हे त्यांना कळेनासं झाल्यासारखं दिसत होतं. कैलास मधेच उठून गेला. थोड्या वेळानं तो गोठ्याशेजारच्या खोलीतलं जनावरांच्या कुटाराचं पोतं बाहेर काढताना दिसला.

"मोहिनीची माय इथं राहतीन," तो बापाकडे न पाहता म्हणाला. "समूजवळ."

रामाजींनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एवढंच त्या दिवशी पदरात पडलं.

विमलाबाई कारंज्याला परत गेल्याच नाहीत. ओमप्रकाश दोनदा न्यायला आला, त्या गेल्या नाहीत. त्यांचं वावर त्यानं बटाईनं देऊन टाकलं. मोहिनीमातेच्या मायनं घरदार सोडून लेकीच्या पायाशी वस्ती केली, असं आता लोक सांगतात आणि त्यांच्याही पाया पडतात. त्या पाय मागे घेतात. रोज सकाळी सगळ्यात खालच्या कोरड्या पायरीवर जाऊन बसतात, आणि शेड बंद होईपर्यंत उठत नाहीत. कुंपण झालेलं नाही.

फेब्रुवारीत सर एकदा जाऊन आले. मंगळवार होता. पाणी थोडं उतरलं होतं. विमलाबाई पायरीवर होत्या, पाठीचं दुखणं वाढलेलं, एका बाजूला कलून बसलेल्या. वर शेडमधून नातीचा आवाज येत होता. तिला आता पूर्ण आरती पाठ झाली होती.

"अंगणवाडीत जाते का?"

"मंगळवार-शुक्रवार सोडून. जवाई सोडून येतात." त्या पाण्यावरून नजर न काढता बोलत होत्या. "माह्याशी बोलते आता. पन इचारते, आजी तू तवा मले काऊन धरलं? आई किती जवळ होती."

"तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू?"

सर त्यांच्या शेजारी बसले. काही बोलायचं म्हणून म्हणाले, "मी पुन्हा लिहून बघतो. सविस्तर. या वेळी दुसऱ्या वर्तमानपत्रात..."

"नका, सर." विमलाबाईंनी मान हलवली. रागानं नव्हे. "तुमी आता काही लिहू नका."

वरून घंटा वाजली. आंजीकडे जाणारा ऑटो बाभळीखाली उभा राहून हॉर्न देत होता. सर उठले, त्यांनी नमस्कार केला. विमलाबाईंनी हात जोडले नाहीत. समीक्षा शेडमधून बाहेर येऊन सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहिली होती, आणि विमलाबाई आधीच उठायला लागल्या होत्या.